चढावर उतरणारी माणसं

सुखदेव मेश्रामच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या. चढ आला की रिक्षातून उतरणारी, आणि चढ आला तरी बसून राहणारी.

नागपुरात त्यानं उभी जवानी सायकलरिक्षावर घातली. सपाटीला पायडल मारून भागतं, पण रेल्वेचा पूल आला की सीटवरून खाली उतरावं लागतं. एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या मागच्या दांडीवर, आणि मान खाली घालून बैलासारखी गाडी वर न्यायची. मागं बसलेल्यानं तेवढ्या चढापुरतं खाली उतरावं, एवढीच त्याची दुनियेकडं मागणी होती. ती दुनियेला जड गेली. उतरल्या त्या टोपल्या घेऊन बसलेल्या भाजीवाल्या, उतरले ते गिरणीतले लोक. कोर्टात निघालेले वकील, सत्यनारायण सांगायला निघालेले गुरुजी, समतेचा धडा शिकवायला शाळेत निघालेले मास्तर, हे सगळे मांडीवर पिशवी घेऊन त्याच्या पाठीकडं बघत बसून राहिले. दमलास तर थांब, असं म्हणणारा तर त्याला जन्मात भेटला नाही.

तो सुखदेव २०१०च्या डिसेंबरात जर्मनीत, हायडलबर्गमध्ये, एका मोटारीच्या मागच्या सीटवर गुडघे आवळून बसला होता, आणि मोटार डोंगर चढायला तयार नव्हती.

पुढं बसली होती त्याची मुलगी, धम्मदीपा. डोंगरावरच्या एका संशोधन संस्थेत ती चार वर्षं प्रथिनांच्या घड्या उलगडत होती. म्हणजे नेमकं काय, ते सुखदेवला कळत नव्हतं आणि कळलं नाही म्हणून त्याची झोपही उडाली नव्हती. आज अकरा वाजता तिला परीक्षकांपुढं उभं राहून आपलं काम मांडायचं आणि त्यावरच्या प्रश्नांना तोंड द्यायचं होतं, आणि मग ती डॉक्टर होणार होती. इथं अशा वेळी घरच्यांनाही बसू देतात. म्हणून तर तो एवढा समुद्र ओलांडून आला होता. बायको द्रौपदी दम्याची, तिला या थंडीत आणणं शक्य नव्हतं. विमानतळावर तिनं एकच बजावलं होतं, पोरगी बोलून राहिली असंन तवा डोळे मिटू नका, सगळं पाहा अन् मले येऊन सांगा.

स्टिअरिंगवर पुष्कर होता. पुण्याचा, वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, धम्मदीपाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा. माणूस वाईट नव्हता. बस बंद आहेत म्हटल्यावर स्वतःहून खाली येऊन म्हणाला होता, काका, मी सोडतो ना, काय त्यात. पण हाच पुष्कर पहिल्या दिवशी चहाला आला होता तेव्हा त्यानं आधी आडनाव विचारलं होतं, आणि आडनाव ऐकून झाल्यावर, कुणी काही विचारलेलं नसताना, आमच्या घरी तसलं काही कधीच मानत नाहीत असं सांगितलं होतं. न मानणारे लोक आडनाव आधी का विचारतात, हे कोडं सुखदेवनं सोडवायचं सोडून दिलं होतं. मग पुष्करनं विचारलं होतं, काका, तुम्ही कुठं होतात सर्व्हिसला? सुखदेवनं चहाचा घोट घेतला आणि सांगितलं, ट्रान्सपोर्टमध्ये. धम्मदीपा तेव्हा आत कपबशा विसळत होती. पुष्करनं मान डोलावली. एसटी वगैरे समजला असेल. समजू दे. पोरीला या लोकांत राहायचं होतं.

हायडलबर्ग राईनच्या खोऱ्यातलं गाव. उबदार हवा. सगळ्या जर्मनीच्या आधी बदाम आमच्याकडं फुलतो, अशी इथल्या लोकांची बढाई. बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. त्यामुळं पुष्करनं मोटारीला विंटररायफन, म्हणजे थंडीतले खास टायर, लावलेच नव्हते. सरकारनं नुकताच कायदा कडक केला होता, पण गॅरेजवाल्यानं जानेवारीतली तारीख दिली आणि पुष्कर म्हणाला, गेनाऊ, म्हणजे बरोबर, जानेवारीत बघू. आणि काल संध्याकाळपासून आभाळ फाटलं. सकाळी उठून बघतात तर पायऱ्या नाहीत, कुंपण नाही, रस्ता आणि फुटपाथ यांच्यातला भेद नाही. नगरपालिकेचं मीठ आधीच्याच आठवड्यात संपलेलं. ट्राम जागच्या जागी उभ्या. एरवी लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही थांबणारे जर्मन आज रस्त्याच्या मधोमध चालत होते आणि एकमेकांना चक्क गुटन मॉर्गन करत होते. संकट आलं की माणसं माणसात येतात. फक्त ते सगळ्यांवर सारखं पडावं लागतं.

गावातल्या नदीच्या पुलापर्यंत गाडी आली ती नशिबानं. डोंगराचा रस्ता सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर चाकं जागेवर फिरायला लागली. पुष्करनं पाय दाबला. इंजिन केकाटलं. गाडी पुढं जायची सोडून कुल्ला फिरवून आडवी झाली आणि अगदी सावकाश, एखादी म्हैस गोठ्यात शिरावी तशी, मागं मागं सरकत एका बंगल्याच्या कुंपणात जाऊन बसली. कुणाला लागलं नाही. कुंपणावरचा बर्फ मात्र सगळा काचेवर आला आणि गाडीत अंधार झाला.

"सॉरी," पुष्कर म्हणाला. "सॉरी काका."

बंगल्यातून एक म्हातारी बाहेर आली. ती आता भांडणार असं सुखदेवला वाटलं. तिनं कुंपण बघितलं, गाडीचे टायर बघितले, एक सुस्कारा टाकला आणि आत जाऊन फावडं घेऊन आली. पण फावड्यानं काही होण्यासारखं नव्हतं. मागं आणखी दोन गाड्या तशाच आडव्या झाल्या होत्या. वर जायचं तर पायीच.

धम्मदीपानं संस्थेत फोन लावला. सुखदेवला जर्मन कळत नव्हतं, पण पोरीचा चेहरा त्याला सगळ्या भाषांत वाचता यायचा. तिनं फोन ठेवला आणि सांगितलं ते असं की परीक्षक रात्रीच वर मुक्कामाला आलेत, साडेअकरापर्यंत थांबतील. बाहेरगावच्या परीक्षकाला दुपारी निघायचंय. आज झालं नाही तर पुढची तारीख फेब्रुवारीत. सुखदेवचं परतीचं विमान जानेवारीत होतं.

"तू जाय," सुखदेव म्हणाला. "मी येतो मागून."

"कसे येता?"

तो गाडीतून उतरला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला पाय सटकला आणि त्यानं दार पकडलं. गुडघे तर नागपुरातच संपले होते. डॉक्टर म्हणाला होता, मेश्रामजी, वंगण संपलं. पुलानं खाल्लं ते वंगण. या बर्फात तो शंभर पावलंही चालला नसता, हे त्याला कळत होतं आणि पोरीलाही.

तेवढ्यात वरून मथियास आला. धम्मदीपाच्या प्रयोगशाळेतला, दाढीवाला, ताडमाड. राहायला डोंगराच्या अंगावरच होता. तिनं त्यालाही फोन केला होता. तो पळतच आला आणि त्याच्यामागं दोरीला बांधलेली एक लाकडी गाडी घसरत आली. खाली चाकांच्या जागी लोखंडी पट्ट्या. तिला श्लिटन म्हणतात. बर्फ पडला की पोरं हिच्यावर बसून उतारावरून घसरतात. मथियासनं ती सुखदेवपुढं उभी केली, वर घडी घातलेलं घोंगडं टाकलं आणि हसून हातानं दाखवलं, बसा.

सुखदेवनं दोरीकडं बघितलं. दोरी जिथं धरायची तिथं गाठ मारून फास केला होता. खांद्यात अडकवायला.

"नाही," तो म्हणाला.

धम्मदीपा म्हणाली, बाबा, वेळ नाही. पुष्कर म्हणाला, काका, अहो सगळे बसतात, इथं फन म्हणून बसतात. मथियासला वाटलं म्हातारा पडायला घाबरतोय. त्यानं स्वतः बसून दाखवलं.

"चढ आहे ना, बाई," सुखदेव म्हणाला.

"चढ आहे म्हणून तर बसा म्हणते."

"चढ आहे म्हणूनच नाही बसत."

धम्मदीपाला कळलं. तिला केव्हाच कळलं होतं. पण आज तिच्याकडं समजून घ्यायला वेळ नव्हता. तिनं खांद्यावरची बॅग पुष्करच्या हातात दिली, दोरीचा फास उचलला आणि मथियासच्या शेजारी स्वतःच्या खांद्यात अडकवला.

ते बघितलं आणि सुखदेवला आपला बाप आठवला. त्याचा बाप पाटलाच्या वाड्यावर मेलेली जनावरं ओढायचा. तो स्वतः माणसं ओढत आला. आपल्या घरातलं आता कुणी दोरीला लागायचं नाही, या एका हट्टावर त्यानं रात्रीच्या रेल्वेगाड्यांची भाडी केली, उन्हाळ्यात डांबर वितळायचं तेव्हा केली, ताप असताना केली. आणि आज, जिच्यासाठी केलं ती, इस्त्रीच्या कपड्यांत, ज्या दिवशी डॉक्टर व्हायचं त्याच दिवशी, खांद्यात दोरी घेऊन उभी. ते पण त्यालाच ओढायला.

"काढ ते," तो म्हणाला. आवाज चढला होता. "काढ आधी. तुले याच्यासाठी शिकवलं काय? मी घरी जातो. तू जाय वर. तुझी माय विचारंन तर सांगजो, बाप नव्हता आला."

"मग मीपण नाही जात."

"दीपा."

"बाबा, ऐका." ती वळली. फास खांद्यातच होता. "मला शाळेत रोज तुम्ही रिक्षातून सोडायचात. पूल आला की मी म्हणायचे, मी उतरते. तुम्ही काय म्हणायचात?"

पुष्कर बॅग छातीशी धरून उभा होता. सुखदेवनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. गेलं. ट्रान्सपोर्ट गेलं.

"काय म्हणायचात, सांगा ना."

"बस," सुखदेव पुटपुटला. "बस अन् वाच."

"रोज?"

"रोज."

"मी एकदा उडी मारून उतरले होते. तेव्हा काय केलंत?"

त्याला आठवलं. पाठीत एक धपाटा घातला होता आणि उचलून पुन्हा सीटवर बसवलं होतं. म्हणाला होता, तू उतरली तर मी कशासाठी ओढून राहिलो?

"मग आता मी तुम्हाला धपाटा घालू का?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "बसा ना, बाबा. वाचू नका पाहिजे तर. नुसतं बसा."

बंगल्याची म्हातारी फावड्यावर रेलून हे सगळं बघत होती. भाषेचा एक शब्द कळत नसतानाही ती डोळे पुसत होती. आडव्या झालेल्या गाडीवाल्यांपैकी एकानं हॉर्न वाजवायला हात उचलला होता, तो त्यानं खाली घेतला.

सुखदेव बसला. पण तोंड मागं करून. ओढणाऱ्याची पाठ त्याला बघायची नव्हती. त्या पाठीला काय होतं ते त्याला ठाऊक होतं. मागून बघणाऱ्याची नजर भारासारखी असते, वजनात मोजली जाते.

श्लिटन हलली. लोखंडी पट्ट्या बर्फावर करकरल्या. मागं पुष्कर येत होता, दोन्ही हातांनी बॅग धरून, पायात ऑफिसचे गुळगुळीत बूट, दर चार पावलांना घसरत. सुखदेवचं तोंड नेमकं त्याच्याकडंच होतं. दोघांनाही दुसरीकडं बघायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना पांढरं.

बऱ्याच वेळानं पुष्कर म्हणाला, "काका, तुम्ही ट्रान्सपोर्टमध्ये होतात म्हणालात."

"ट्रान्सपोर्टच ना बाप्पा. दुसरं काय असते ते?"

पुष्कर मग थोडं हसला. मग हसू थांबवलं, कारण त्याला कळेना हसावं की नाही. आडनाव ऐकल्यावर जी वाक्यं त्याच्या जिभेवर तयार असायची, ती सगळी या चढावर बिनकामाची झाली होती. त्याला धाप लागली होती आणि धापेत माणसाला खोटं बोलायला श्वास उरत नाही.

पुढचं वळण आलं तसा सुखदेव मान न वळवता म्हणाला, "थांबा."

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. दम घ्या."

मथियासला दम लागला नव्हता. धम्मदीपाला लागला होता, पण ती कबूल करणार नव्हती. सुखदेव ऐकेना. पुढच्या वळणावर पुन्हा, थांबा. त्याच्या पुढच्या दिव्याच्या खांबापाशी पुन्हा. मथियासनं काहीतरी विचारलं, धम्मदीपानं त्याला थोडक्यात सांगितलं, आणि त्यानंतर तो प्रत्येक खांबापाशी स्वतःच थांबू लागला. थांबायचा, म्हाताऱ्याकडं वळून बघायचा, म्हातारा मान हलवायचा, मग निघायचे. धम्मदीपा घड्याळाकडं बघून दात खात होती.

संस्थेच्या दारात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि घाबरायचं काहीच कारण नव्हतं. धम्मदीपाचे मार्गदर्शक प्राध्यापकच अजून आले नव्हते. ते खाली गावात राहायचे. थोड्या वेळानं आले, पायात लांब स्की, भुवयांवर बर्फ, आणि स्की भिंतीला टेकवून सरळ खोलीत शिरले. त्यांनी सुखदेवचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

द्रौपदीनं सांगितलं होतं तसं सुखदेवनं डोळे मिटले नाहीत. पोरगी उभी होती आणि मोठमोठे लोक बसले होते. उभं राहणारा लहान आणि बसणारा मोठा, हे त्यानं जन्मभर बघितलं होतं. इथं उलटं होतं. बसलेले विचारत होते आणि उभी असलेली सांगत होती, आणि बसलेले लिहून घेत होते. बाहेरगावच्या परीक्षकानं एक लांबलचक प्रश्न विचारला. धम्मदीपा ऐकत राहिली, मग म्हणाली काहीतरी, आणि तो परीक्षक हसून मागं टेकला. ते काय होतं हे सुखदेव द्रौपदीला सांगू शकणार नव्हता. पण ती पुढं वाकली नव्हती. बोलताना तिची मान सरळ होती. एवढं त्यानं मनात पक्कं बांधून ठेवलं. परीक्षकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, थोड्या वेळानं आत बोलावलं, आणि खोलीतल्या लोकांनी टेबलांवर मुठी वाजवल्या. इथं टाळ्यांऐवजी टेबल वाजवतात, असं पुष्करनं कानात सांगितलं. सुखदेवनंही वाजवलं.

मग आली टोपी. इथली रीत अशी की नव्या डॉक्टरला सोबतचे लोक पुठ्ठ्याची टोपी स्वतः करून घालतात आणि त्यावर त्या माणसाचं आयुष्य चिकटवतात. धम्मदीपाच्या टोपीवर एक कापसाचं संत्रं होतं, परीक्षानळ्या होत्या, निळ्या कपड्यातलं बाबासाहेबांचं छोटं चित्र होतं. आणि समोरच्या बाजूला, सगळ्यात उंच, तांब्याच्या तारेची एक तीन चाकी सायकलरिक्षा. मागच्या सीटवर कागदाची मुलगी, हातात पुस्तक. पुढं हँडलला धरून चालणारा एक वाकलेला माणूस.

सुखदेव बघत राहिला. म्हणजे या सगळ्यांना ठाऊक होतं. तो पुष्करपुढं चहाबरोबर गिळत होता ते पोरीनं या लोकांना कधीच सांगून टाकलं होतं. जर्मनांना सांगणं सोपं असतं. त्यांना रिक्षा म्हणजे रिक्षा. आपल्या माणसाला रिक्षा सांगितली की तो रिक्षातून वस्तीत जातो, वस्तीतून आडनावात, आणि आडनावातून सरळ जिथं पोचायचं तिथं पोचतो. तरी तारेचा तो वाकलेला माणूस टोपीच्या सगळ्यात वर होता. सगळ्यांना दिसेल असा.

रीत अजून बाकी होती. नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून अंगणातून ओढत फिरवायचं. गाडी सजवूनही ठेवली होती, पण बर्फात तिची चाकं रुतली. मग कुणीतरी रंगीत कागद आणि फुगे उपटून मथियासच्या श्लिटनला बांधले. खालच्या फाटकापासून मोठ्या दारापर्यंत न्यायचं, मध्ये एक चांगला चढ. धम्मदीपानं बापाकडं बघितलं. सुखदेव दारापाशी पायरीवर घोंगडं पांघरून उभा होता. ती जाऊन बसली, डोक्यावर रिक्षा घेऊन.

मथियासनं दोरी उचलली तेव्हा गर्दीतून पुष्कर पुढं आला. त्याच्या बुटांत पाणी गेलं होतं, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. त्यानं मथियासला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मथियासनं क्षणभर सुखदेवकडं बघितलं आणि दोरी पुष्करच्या हातात दिली.

सपाटीवर पुष्कर झपाझप आला. पोरं ओरडत होती, टेबलं नव्हती म्हणून बर्फाच्या फावड्यांवर मुठी वाजवत होती. चढ लागला तसे त्याचे बूट सटकायला लागले. एक पाय पुढं, अर्धा पाय मागं. मान खाली गेली. पाठ वाकली. ती पाठ सुखदेवनं ओळखली. कुणाचीही असो, ओझ्याखाली पाठ एकसारखीच दिसते. ते दृश्य बघून बरं वाटेल असं त्याला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. पुलावर रात्री अपरात्री त्यानं हेच मनात रंगवलं होतं, की एक दिवस हे लोक ओढतील आणि आपण बसू. आता ते डोळ्यांपुढं होतं आणि त्याच्या स्वतःच्याच गुडघ्यांत कळ येत होती.

धम्मदीपानं पुष्करची पाठ बघितली. तिनं एक पाय हळूच खाली बर्फात टेकवला.

"दीपा," सुखदेव वरून म्हणाला, "उतरू नको. बस."

तिनं पाय वर घेतला.

"अन् पुष्करराव," तो म्हणाला, "दमले असान तर थांबा. इथं कोणाले घाई नाही."

पुष्कर थांबला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्यानं श्वास घेतला, मान वर केली, म्हाताऱ्याकडं बघितलं. सुखदेव पायरीवरून हलला नाही. पुष्करनं दोरी पुन्हा खांद्यावर घेईपर्यंत तो तिथंच वाट बघत उभा राहिला.